नेम माझा, वाचल्या सासूबाई

परवा ऑफिसातून घरी आले, तर चहाच्या आधीच सासूबाईंनी खुनी कोण ते सांगून टाकलं.

"त्यो दीर न्हवं गं… डाक्टरच हाय! चार म्हैने पोटात ठेवलो, आता न्हाय ऱ्हावत."

कुठला दीर, कुठला डॉक्टर… मी दारातच उभी. मग डोक्यात प्रकाश पडला. जूनमध्ये चाळिसाव्या पानावर टाकून दिलेली माझी रहस्यकथा!

त्याचं असं झालं… जानेवारीत मी मैत्रिणींच्या ग्रुपवर वाचनाचं चॅलेंज घेतलं. बारा महिने, बारा प्रकारची पुस्तकं. प्रवासवर्णन, चरित्र, विज्ञानकथा, कविता, सगळं. हौसेनं बाराही पुस्तकं आणली, बारा चौकोनांचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि घरात जाहीर करून टाकलं.

आमच्या जैन घरात चातुर्मास आला की जो तो काही ना काही नेम घेतो. सासूबाईंनी माझं चॅलेंजही त्यातलंच धरलं. "नेम घेतलास व्हय? मग मोडायचा न्हाय बघ." मी हसले होते.

पाच महिने झोकात गेले. पण मी पक्की आरंभशूर… एम.ए. अर्धवट, झुंबा अर्धवट, गिटार तर भिंतीवरच. जूनमध्ये ऑफिसचं काम अंगावर आलं आणि वाचन थांबलं. गुपचूप ग्रुप सोडला. लाज एवढी वाटायची की फ्रिज उघडतानाही मी त्या कागदाकडे बघायचे नाही.

म्हणून परवापर्यंत कळलंच नाही… जूनपासून सप्टेंबरपर्यंत चारही चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी न केलेल्या!

"घरातला नेम मोडाय लागलाय म्हटल्यावर मीच वाचलो की," सासूबाई म्हणाल्या. सातवीत शाळा सुटलेली बाई. पोथी सोडून दुसरं पुस्तक त्यांच्या हातात मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, चार पुस्तकं? एवढी?"

"ह्ये गेल्यापास्नं दुपार सरत न्हवती बघ. पुस्तकांनी वाचलो."

मी मूळची पुण्याची. इथं सासरच्या गावात बायकाही आलो, गेलो, वाचलो म्हणतात, त्याला लग्नानंतर खूप हसायचे मी. परवा त्या दुसऱ्या 'वाचलो'ला हसू आलं नाही. मामंजींना जाऊन वर्ष होत आलं… आणि रोज दुपारी सासूबाई एवढ्या मोठ्या घरात एकट्याच असतात, हे मी कधी धड मनावर घेतलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

चालू महिन्याचा, ऑक्टोबरचा चौकोन मात्र अजून रिकामा होता. कवितांचा. "ह्ये मला न्हाय झेपत. तू वाच, मी ऐकतो."

काल सुट्टी होती. दुपारी त्या शेंगा फोडत बसल्या आणि मी वाचायला लागले. तिसऱ्या कवितेला त्यांचा हात थांबला. "परत म्हण की ती वळ…" मी ती ओळ परत म्हटली. मग अजून एकदा.

संध्याकाळी धीर करून ग्रुपमध्ये परत गेले. एकीनं लगेच विचारलं, कुठं गायब होतीस, वाचन झालं की नाही?

पुस्तकांची यादी टाकणार होते… पण एवढंच लिहिलं. आम्ही दोघी वाचलो.