नावाखालची रेघ

कारगिलची लढाई संपली आणि पाठोपाठ निवडणूक आली. आधीचं सरकार एका मताने पडलं होतं, त्यामुळे भाईंदर पश्चिमेच्या भाजीवाल्यापासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत जो तो एका मताची किंमत सांगत सुटला होता. मी शाळेतली बाई, माझी ड्यूटी चेणे गावात लागली. मतदाराचं नाव यादीत शोधायचं, मोठ्याने वाचायचं आणि त्याखाली रेघ मारायची, एवढंच माझं काम. नियमांच्या बाबतीत मी पहिल्यापासून खडूस. एकाला सूट दिली की दहा जण डोक्यावर बसतात, हे मला वर्गाने शिकवलं होतं.

दुपारी गावातल्या एक मावशी दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. एक त्यांची, एक मुलाची. मुलगा फौजेत होता, वर बर्फात. लढाई संपल्याचं रेडिओने सांगून झालं होतं, पण त्याचं पत्र काही आलं नव्हतं. त्याचं मतही मीच देते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचं मत देता येत नाही, फौजेतल्या माणसाचं टपालाने येतं, असं मी तुटकपणे सांगितलं. रांगेतले दोघेतिघे हसले.

मावशींनी आपलं मत दिलं आणि दाराकडे न जाता परत माझ्या टेबलाशी आल्या.

"पोराचं नाव कुठं हाय, दाव."

मी वैतागून दाखवलं. एका घराची तीन नावं. नवरा आदल्या वर्षी गेलेला, त्याचं नाव मधोमध खोडलेलं. मावशींच्या नावाखाली माझी ताजी रेघ. मुलाचं नाव कोरं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघा बरोबर कळल्या.

"याला रेघ न्हाय. मालकाचं कापलं तसं याचं बी कापतील?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना मुलाचं मत द्यायचंच नव्हतं. मुलगा जिवंत आहे, असं कुणीतरी कागदावर धरायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटली. "नाही कापत, मावशी," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं, झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं. बोटाची शाई ओलीच होती. नावाशेजारी डाग पडला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी विचारलं, तेव्हा शाई माझ्याच हातून सांडली असं लिहून दिलं. सरकारी कागदावरचं माझं ते पहिलं खोटं.

डिसेंबरात याद्या दुरुस्त करायला घरोघर फिरायचं होतं. चेणे मी मागून घेतलं, तेव्हा शाळेतल्या बायकांनी तिकडे सोयरीक जुळवायची आहे का म्हणून छेडलं. मावशींच्या अंगणात मात्र मी यादी उघडली आणि परत मिटली. प्रत्येक नावाला विचारायचं असतं की हा माणूस हयात आहे का.

मावशींनी मला ओळखलं. आत हाक मारली. एक तरुण बाहेर आला. डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने नेली होती. मावशींनी तोच हात धरून माझ्यापुढे केला.

"हा बघ. हाय. आता लिही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, आणि माझं अक्षर कधी वाकडं येत नाही.