बंदचा प्रॉब्लेम

माझी धाकटी जाऊ जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू ऑनलाइन विकते. लोकांच्या अडगळीतले रेडिओ, कॅमेरे, फोन आणते, उघडते, पुसते, दुरुस्त करते आणि फोटो काढून साइटवर टाकते. खोकी मी भरते. भाऊजींचं काम सुटल्यापासून घर या दुकानावरच चालतं, आणि दुकान म्हणजे मागच्या खोलीतलं एक टेबल.

वस्तू कोणीही विकेल. तक्रारी निस्तरणं हे खरं काम. माझ्या हातात फोन दिला तर दुसऱ्या वाक्याला मी समोरच्याचं माप काढीन. धाकटीचं तसं नाही. ‘वाजतच नाही’ म्हणून कोणी तावातावानं आला, तर ‘प्लग लावलाय का?’ असं ती कधी विचारत नाही. म्हणते, एकदा प्लग काढून पुन्हा लावून बघता का, कधी कधी नीट बसत नाही. ज्यानं लावलेलाच नसतो, तो गुपचूप लावतो आणि म्हणतो, हो, आता झालं. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. मी तिला म्हणते, तू चोराला घरात घेऊन चहा पाजशील.

त्या आठवड्यात मात्र तिचा चेहरा उतरला. कुरियरवाल्याच्या आदळआपटीपायी दुकानावर आधीच तक्रारी लागल्या होत्या. आणखी एक सिद्ध झाली की दुकान कायमचं बंद, असा साइटचा नियम. आणि एका बाईंनी आमच्याकडून घेतलेल्या रेडिओबद्दल तक्रार टाकली. साइटवर पर्याय ठरलेले असतात. त्यातला ‘वस्तू बंद आहे’ हा त्यांनी निवडला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बंदचा प्रॉब्लेम आहे. ताबडतोब बघा.’

पाठवण्याआधी तो रेडिओ टेबलावर खणखणीत वाजत असतानाचा व्हिडिओ धाकटीकडे होता. तो तिनं पाठवला. उत्तर आलं, ‘हे मलाही दिसतंय. थट्टा करताय का?’

मी म्हटलं, रेडिओचं माहीत नाही, ही बाई मात्र चांगलीच चालू आहे. धाकटीनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाई बोलायला लागल्या आणि त्यांच्या मागे बातम्या ऐकू आल्या. मी आनंदानं टेबलावर थापच मारली. सापडली! रेकॉर्ड कर, असं खुणेनं सांगितलं. धाकटीनं मान हलवली आणि मऊ आवाजात विचारलं, “मागे वाजतोय तो आपलाच रेडिओ ना?”

“आपलाच. तेच तर सांगतेय केव्हाची. तो बंद होत नाही.”

मला हसू आवरेना. “मग प्लग काढा की,” मी म्हणून गेले.

“प्लग मी काढते हो, रोजच काढते. पण रेडिओ बाबांसाठी घेतलाय. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात तेवढा चालतो. भरवते मी, कूस मी वळवते, दिवासुद्धा मीच मालवते. म्हटलं, एक तरी गोष्ट त्यांच्या मनानं सुरू व्हावी आणि त्यांच्या मनानं थांबावी. ते बटण शेवटपर्यंत फिरवतात, तरी गुणगुण चालूच राहते. मग माझ्याकडे बघतात.”

माझं हसू तोंडातच राहिलं. मला माझीच लाज वाटली.

“चूक माझी आहे,” धाकटी म्हणाली. दुसरं काही नाही. मग बाबांच्या बोटांत जोर किती आहे, बटण त्यांच्या कोणत्या बाजूला येतं, हे तिनं सावकाश विचारून घेतलं.

फोन ठेवल्यावर तिनं टेबलाखालच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. सगळ्या वस्तू त्या एका बोर्डावर लागतात आणि काम संपलं की ती बोर्डच बंद करते. “चालू आहे, चालू आहे, असं लिहून विकत आले, ताई. बंद होतं का, ते एकदाही बघितलं नाही.”

आता तक्रार मागे घ्यायला सांग, असा मी धोशा लावला. ती म्हणाली, आत्ता नको. आत्ता मागितलं तर त्यांना वाटेल, दुकानासाठी गोड बोलते. मी चिडून म्हटलं, मग दुकान काय वाऱ्यावर सोडायचं? तिनं पुढचा कॅमेरा पुसायला घेतला, आणि मला तिचा मनापासून राग आला.

रेडिओ परत आला. आवाजाच्या बटणातच बंद करायचा खटका होता, तो आत चिकटून बसला होता. तिनं तो बदलला, वर मोठं, खडबडीत बटण बसवलं. मग उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवत बसली. जड वाटलं म्हणून पुन्हा उघडला. मलाही फिरवायला लावलं, भाऊजींनाही. दुसऱ्या दिवशी खोकं गेलं.

साइट तक्रारीचा निकाल देणार होती, त्या दिवशी बाईंचा फोन आला. भाऊजी दारातच उभे राहिले.

“तक्रार सकाळीच मागे घेतली,” बाई म्हणाल्या. “फोन त्यासाठी नाही केला. ऐका.”

कोणीतरी बातम्या वाचत होतं. मग टक् झालं आणि आवाज तुटला. गुणगुणही नाही. जरा वेळानं पुन्हा टक्, पुन्हा बातम्या. पुन्हा शांतता.

“सकाळपासून हेच चाललंय,” बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. “मला एक बातमी धड ऐकू देत नाहीत.”

“देऊच नका म्हणावं त्यांना,” धाकटी म्हणाली.