शनिवारी पन्हाळा, सकाळी दहा

माझ्या वेंधळेपणाचा हा किस्सा आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांनी सांगून झालाय. जो तो आपल्या पदरची फोडणी घालतो. म्हणून म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून ऐका. चहा घेताय ना? घ्या, पण कप हातात धरून ऐकू नका. सांडेल.

आमचे सासरे, अप्पा, यांनी जन्मभर दुसऱ्यांचे कारखाने दुरुस्त केले. यंत्रं नव्हे, मालक. फौंड्री असो की गुऱ्हाळ, धंदा बसायला लागला की मालक अप्पांकडे सल्ल्याला यायचा. अप्पा चार दिवस त्याच्या कारखान्यात एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि पाचव्या दिवशी रकाने आखलेला एक कागद त्याच्या हातात ठेवायचे. त्या कागदात मालकाच्या मेव्हण्याचं नाव हमखास असायचं.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना इतिहासानं धरलं. आणि एका वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती, त्यांच्या मुंबईच्या एका ओळखीच्यांनी निरोप धाडला. परदेशी प्रवाशांचं एक जहाज आपल्या किनाऱ्यानं फिरायला येतंय, त्यांना रोज सकाळी इंग्रजीतून इतिहास सांगायला माणूस हवाय. एका आठवड्याची सफर.

अप्पांचं वय बासष्ट. पण नव्या कोटाचं माप द्यायला शेजारच्या शिंप्याकडे असे निघाले, की बोहल्यावरच चढायचंय. त्या शिंप्याची बायको, हमीदाभाभी, ही माझी गल्लीतली एकुलती एक मैत्रीण. ती मला म्हणाली, "म्हातारा खुश हाय गं. बाहीला चार बटणं लाव म्हनतोय."

खुश नव्हते ती मी. माझं माहेर कराडचं. नदीपेक्षा मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. त्यात माझी मनू अकरा महिन्यांची. पहिलं मूल झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटायची. पाळण्याची दोरी तुटेल, दूध नासलेलं असेल, पाल पडेल. आता त्यात अख्खा समुद्र आला.

जहाज नेमकं कुठे कुठे जाणार हे अप्पांनी एका रात्री जेवताना सांगितलं म्हणे. मी तेव्हा आत मनूला थोपटत होते. दुसऱ्या दिवशी विचारता आलं असतं, तुम्ही म्हणाल. पण सुनेनं सासऱ्यांना समोर उभं राहून "कुठे निघालात" म्हणून विचारायचं? आमच्याकडे तशी रीत नव्हती, आणि निघाल्या माणसाला "कुठे" विचारणं तर अपशकुनच.

अप्पा शनिवारी मुंबईला गेले. सोमवारी मी त्यांचं टेबल पुसायला घेतलं, तर खणात रकाने आखलेला कागद. वार, ठिकाण, वेळ.

सोमवार, सिंधुदुर्ग, सकाळी दहा. मंगळवार, गोवा, सकाळी दहा. बुधवार, कालिकत, सकाळी दहा. गुरुवार, नागपट्टण, सकाळी दहा. शुक्रवार, मच्छलीपट्टण, सकाळी दहा. शनिवार, पन्हाळा, सकाळी दहा.

मी तो कागद स्वयंपाकघरात फळीला टाचला. जहाज रोज नव्या बंदरात बरोबर दहाला पोचणार. आमची गडहिंग्लजची एस.टी. कधी वेळेवर आली नाही, पण म्हटलं, परदेशी जहाज आहे. आणि शनिवारी पन्हाळा? आले असतील परत, आणि अप्पा नेहमीसारखे पन्हाळ्याला जाणार असतील. आल्या आल्या? हो, आल्या आल्या. त्यांचा पन्हाळ्यावर जीवच तेवढा.

मी भूगोल घेऊन बी.ए. झालेय. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. मी शाळेतला नकाशा काढून कालिकतपासून मच्छलीपट्टणपर्यंत दोरा धरला. चार बोटं भरली. दोन दिवसांत चार बोटं, होईल की.

बुधवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी. बंगालच्या उपसागरात वादळ. शुक्रवारी सकाळी मच्छलीपट्टणच्या आसपास किनाऱ्यावर येणार.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा कागद पाहिला. शुक्रवार, मच्छलीपट्टण, सकाळी दहा. आमचे अप्पा, वेळेचे इतके पक्के, वादळाला अगदी वेळेवर भेटणार होते.

सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. त्यांना रक्तदाब. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाईट बातमी एकदम द्यायची नाही. हे गडहिंग्लजला नोकरीवर, शनिवारी यायचे. मग मी काय केलं? देव्हाऱ्यातले देव उचलले आणि घंगाळातल्या पाण्यात ठेवले. अप्पा सुखरूप घरी येईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत.

गुरुवारी सकाळी सासूबाईंनी घंगाळात डोकावून पाहिलं.

"देव का गं पान्यात?"

"घासायचेत," मी म्हटलं.

"मग चिंच कोन टाकनार?" म्हणाल्या, आणि ओंजळभर चिंच घंगाळात टाकून गेल्या.

आता काय बोलणार? मी संकटात देवाला साकडं घातलं होतं, आणि देव तिथे आंबट पाण्यात.

मी पळत हमीदाभाभीकडे गेले. तिनं शिलाईचं काम बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"तार कर," ती म्हणाली. "जहाजाच्या हापिसचा पत्ता हाय न्हवं? उद्याच्या आत म्हाताऱ्याला उतरवून घ्या म्हनावं."

"वादळाला भिऊन अप्पा उतरायचे नाहीत. वर मलाच हसतील."

"मग कशाला भितोय त्यो?"

अप्पा जगात कशालाच भीत नसत. फक्त मनूला जरा शिंक आली की त्यांचा चष्मा सापडत नसे. हे माझ्या डोक्यात आलं, भाभीच्याही डोक्यात आलं. शेवटी मीच उठले. पोरीला कडेवर घेतलं आणि तारऑफिसात गेले.

मजकूर लिहिला: मनू फार आजारी, ताबडतोब निघून या.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म वाचला. मान वर केली.

"मनू कोन?"

"मुलगी माझी."

"कुठल्या दवाखान्यात हाय?"

मी उत्तर देईपर्यंत मनूनं त्याच्या टेबलावरचं पेन उचललं, तोंडात घातलं आणि त्याच्याकडे बघून खिदळली.

"ही कोन?" त्यानं विचारलं.

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "हीच," मी म्हटलं.

त्यानं मनूच्या गालांकडे पाहिलं. मग फॉर्मकडे. परत गालांकडे.

"बाई, हिच्यापायी तार?"

"आतून आहे," मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं ते खरंच होतं. त्यानं मुकाट्यानं पेन सोडवून घेतलं, तार अर्जंट म्हणून लावली आणि मला पाणी दिलं.

रडू अप्पांसाठी नव्हतं हो. आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, पोटच्या पोरीला आजारी लिहून बसले होते. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. घरी येऊन मी तिची दृष्ट काढली. पाऊण तासानं परत काढली. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावला. शेवटी ती थर्मामीटर दिसला की आपणहून हात वर करायला लागली.

"पोरगीला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"मग तुला काय झालंय?"

शुक्रवार उजाडला. सातच्या बातम्यांत वादळ किनाऱ्याला लागल्याचं सांगितलं. तारा तुटल्या होत्या, संपर्क नव्हता. मी घंगाळासमोर हात जोडून बसले. अप्पा उतरले असतील का? तार पोचली असेल का? साडेनऊ झाले. पावणेदहा. दहाचे ठोके मोजायचा मला धीर नव्हता.

दहाला पाच कमी असताना दारात रिक्षा थांबली. अप्पा. चार बटणांचा कोट चुरगळलेला, केस उभे, आणि मागे बॅग घेतलेले आमचे डॉक्टर. स्टँडवर उतरून थेट दवाखान्यातून त्यांना उठवून आणलं होतं.

"मनू कुठाय?" अप्पा चपला न काढताच आत शिरले.

मनू पुढच्या सोप्यात पसरून भडंग खात होती. डॉक्टरांना पाहिलं आणि सवयीनं हात वर केला.

डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, छाती ऐकली. मग म्हणाले, "अप्पा, हिला काही झालेलं नाही. तुमची नाडी बघू जरा."

अप्पांनीही हात पुढे केला. मी पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. वादळ, कागद, तार, सगळं.

सासूबाई चुलीकडून उलथनं घेऊनच आल्या. "वादळ तिकडं. ह्ये तर गोव्याला गेलतं की. गोव्यात चार दिस मुक्काम, आन माघारी मुंबई. जेवताना सांगितलं न्हाय व्हय?"

"तुम्हाला बी.पी. आहे म्हणून तुम्हाला विचारलं नाही," मी म्हटलं.

"मला बी.पी. हाय, बहिरी न्हाय मी."

अप्पांनी फळीवरचा कागद काढला. चष्मा लावून वाचला.

"सूनबाई, ही व्याख्यानांची यादी आहे. रोज सकाळी दहाला, त्या त्या ठिकाणाचा इतिहास." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पन्हाळ्याला जहाज कुठल्या वाटेनं येईल, असं वाटलं तुम्हाला?"

याचं उत्तर मला आजही येत नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि हळूच म्हणाले, "चार झाली, दोन राहिली. पन्हाळा शेवटी ठेवला होता. कप्तान स्वतः येणार होता ऐकायला." आणि मनूला मांडीवर घेऊन तिच्या हातातले भडंग एक एक करून खात बसले.

शनिवारी सकाळी दहाला त्यांनी तो कोट घातला. सोप्यात सतरंजी टाकून आम्ही बसलो. मी, मनू, सासूबाई, हमीदाभाभी आणि सकाळीच आलेले हे. अप्पांनी इंग्रजीतून पाऊण तास पन्हाळा सांगितला. सासूबाई दहाव्या मिनिटाला झोपल्या. भाभीला एक अक्षर कळलं नाही, पण अप्पांनी हात वर करून वेढ्याचं सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. पण माझ्या रडण्याला त्या आठवड्यात घरात कुणी किंमत देत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात जहाजवाल्यांचं पत्र आलं. व्याख्यानं प्रवाशांना आवडली होती, यंदाही या. अप्पांनी होकार लिहिला आणि त्याला रकाने आखलेला एक कागद जोडला. घरून तार आल्यास काय करावे. मुलाची आल्यास ताबडतोब द्यावी. पत्नीची आल्यास ताबडतोब द्यावी. सुनेची आल्यास प्रथम घरी खरोखर कुणी आजारी आहे का याची चौकशी करावी, आणि आमचे जहाज त्या वेळी नेमके कुठे आहे ते तिला उलट तारेने कळवावे.

हे सगळं जहाजवाल्यांसाठी इंग्रजीत सुवाच्य उतरवून काढायचं होतं. घरात अक्षर माझंच चांगलं. अप्पांनी कागद माझ्यापुढे ठेवला, दौत सरकवली आणि म्हणाले, "सूनबाई, तिसरी ओळ जरा ठळक येऊ द्या."

मी दोनदा गिरवली.