सुपाखालचं वारं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हरभरा उपणायचं. घरापुरता हरभरा, त्याला कुठं मशीन बोलवायचं? भोकरकडच्या आमच्या रानात दुपार कलली की वारं सुटतं. मी पाटीनं भरून देऊन राहिलो होतो, ती सूप धरून उभी. भुसा उडून जायचा, दाणा तिच्या पायापाशी पडायचा.

नांदेडचं विमान डोक्यावरून गेलं. ती म्हणाली, "अहो, एवढं जड धूड वर राहतंय कसं?"

मी चौथी शिकलेला. ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करायची सवय न्हाई. म्हणलं, "पोटात हवा भरलेली असती. फुग्यावानी."

"मग उडायच्या आधी पळतंय कशाला? नांदेडला बघितलं की आपण. फुगा कधी पळत सुटतो का?" तिनं रिकामं सूप वाऱ्यात धरलं, पुढची कड जराशी वर. सूप हातातून उचलायला लागलं. "हे बघा. वारं खालून रेटतंय. इथं वारं सुपाकडं येतंय, तिथं विमान वाऱ्यावर धावून जातंय."

"लई शानी! सुपानं उडता आलं असतं तर बायका कवाच माहेरी गेल्या असत्या."

ती हसली न्हाई. "माझं कधी खरं वाटलंय तुमाला?" म्हणाली, आन पुन्हा उपणायला लागली.

संध्याकाळी चहा ठेवायला चुलीपाशी बसली ती तिथंच कलंडली. डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं.

लेक लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मला पुढं समजावलं: इंजिन विमानाला पुढं ढकलतं, उचलतात ते पंख. पंख समोरची हवा खाली वळवतो, तवा हवा त्याला वर रेटते. वेग न्हाई तर रेटा न्हाई, म्हणून आधी पळायचं. पण लेकीच्या आधीच मला ते कळलं होतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक यायची होती म्हणून मयत घरातच ठेवली होती. मी कुणाला न सांगता रानात गेलो. सूप ताडपत्रीवर तसंच पडलेलं. कड वर करून धरलं, काहीच झालं न्हाई. वारंच नव्हतं. मग सूप धरून पळालो, ह्या असल्या गुडघ्यांनी, बांधापर्यंत. बांधाजवळ सूप हातात हलकं झालं, वर ओढायला लागलं.

घरी आलो. बायका रडत होत्या, त्यांना बाजूला सारलं आन तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "तुझंच खरं हाय."