आडनाव एक, रक्त दुसरं

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या चोरीत कोण आरोपी होता, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण निंबोल्याच्या बाजूच्या एका खेड्यातली ती बाई आणि तिच्या दारात येऊन उभा राहिलेला तो माणूस, एवढं प्रकरण मात्र काही केल्या मनातून जात नाही.

मी तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनाम्यावर सही करत होतो, तेवढ्यात पन्नाशीचा एक शेतकरी खोलीत आला आणि त्यानं मागचं दार हळूच लोटून घेतलं. तक्रार करायला आलेला माणूस दार उघडं ठेवतो, चार जणांनी ऐकावं असं त्याला वाटत असतं. दार लोटतो तो खबर द्यायला आलेला असतो.

"साहेब, आमच्या भावकीत एक नकली आदमी घुसला आहे," तो म्हणाला. "काकूचा हरवलेला पोरगा बनून बसला आहे. काकू एकटी, तिले काय समजते? उद्या केळीचा सगळा बगीचा त्याच्या घशात जाईन."

काकूच्या मागे तो बगीचा भावकीकडे, म्हणजे ह्याच्याचकडे येणार होता, हे त्यानं सांगितलं नाही. ते मला हेडसाहेबांनी, म्हणजे ठाण्यातल्या हेडकॉन्स्टेबलनं, चहा पिता पिता सांगितलं.

ही काकू म्हणजे पासष्टीच्या आसपासची विधवा बाई. दुसरेपणावर दिलेली. पहिली बायको तान्हं मूल मागे ठेवून वारली आणि तो मुलगा हिनं वाढवला. मुलगा पाच वर्षांचा असताना केळी भरायच्या जागेवरून दिवसाढवळ्या नाहीसा झाला. नवरा शोधून शोधून थकला आणि काही वर्षांनी गेला. गावानं मात्र शोध कधीच संपवला होता. सावत्र आईनंच काटा काढला, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त त्यानंतर गावातल्या एकाही बाईनं तिच्या मांडीवर मूल दिलं नाही.

त्या माणसाला मी ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, हडकुळा, वीजजोडणीची कामं करणारा. उत्तरेकडच्या एका शहरात अनाथाश्रमात वाढलेला, त्यामुळे मराठी अशी की निम्म्याहून जास्त हिंदीच.

"साहब, गाव आठवत नाही. फक्त पत्ती आठवते, केळीची, गीली. तिच्यावर झोपलो होतो. डोळा उघडला तो ट्रक चालत होता."

ड्रायव्हरनं घाबरून त्याला मंडीतल्या एका चहावाल्याकडे सोडलं, तिथून आश्रमात. आश्रमानं नाव विचारलं तेव्हा पोरानं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं. नाव आश्रमानं बदलून टाकलं, जुनं पुढे तो विसरला.

"एवढंच होतं माझ्याजवळ साहब. आडनाव. ते कुणी घेतलं नाही."

मोठा झाल्यावर त्यानं हे आडनाव कुठलं, याची चौकशी सुरू केली. तापीकाठचं आहे, असं कोणीतरी सांगितलं. बुऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या एका दुकानदारानं त्याला भाटाकडे पाठवलं. भाट म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवणारा. त्यानं ह्या आडनावाची गावं सांगितली आणि हा माणूस एकेका गावात, एकेका दारात जाऊन विचारत सुटला, तुमच्या घरातलं कुणी मूल हरवलं होतं का?

मी त्याला तेच प्रश्न उलटसुलट करून दोन-तीनदा विचारले. खोटं बोलणाऱ्याची हकीकत दर खेपेला जास्त नीटनेटकी होत जाते. ह्याची तुटकी होती ती तुटकीच राहिली. पण वाटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. हरवल्याची जुनी नोंद शोधायला गेलो, तर त्या वर्षांचे कागद वाळवीनं आधीच तपासून संपवले होते.

मग मी त्या बाईच्या घरी गेलो. ती अंगणात तुरी पाखडत बसली होती.

"मावशी, तुम्ही त्याला ओळखलंत का?"

"नाही साहेब," ती सरळ म्हणाली. "कसा ओळखीन? गेला तवा एवढासा व्हता, आला तो दाढीत पांढरे केस घेऊन. पण त्यानं पत्तीचं सांगितलं न साहेब, माझं काळीज हाललं. मीच त्याले म्हटलं व्हतं, ट्रकच्या सावलीत बस, चाऱ्याचा भारा टाकून येते मी." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. "माझं रक्त घ्या. आजकाल समजते म्हणतात रक्तावरून."

"मावशी, तुमचं रक्त चालायचं नाही," मला म्हणावं लागलं. तिनं हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. आरोपींना बेड्या घालताना मला कधी इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

डीएनए चाचणीसाठी पहिल्या बायकोच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. बाप कधीच गेलेला. तेव्हा वडिलांच्या वंशातला पुरुष घ्यायचा, असं ठरलं. बापाकडून मुलाकडे आणि त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे उतरत जाणारी एक खूण पुरुषाच्या रक्तात असते. ती कितीही पिढ्या गेल्या तरी जवळपास तशीच राहते. एका वंशातल्या चुलत भावांमध्ये ती जुळायलाच हवी. भावकीतला जवळचा पुरुष म्हणजे तक्रारदारच. तो हसत हसत रक्त देऊन आला.

अहवाल आला. खूण जुळत नव्हती.

तक्रारदार ठाण्यात पेढे घेऊन आला. मी त्याला पेढ्यांसकट बाहेर बसवलं. तो माणूस माझ्यासमोर उभा होता. त्यानं एकच विचारलं, "साहब, तो फिर मी कुणाचा?" बाईला निरोप धाडला होता, ती पायीपायीच आली. मी शक्य तितक्या हळू आवाजात तिला सांगितलं. ती रडली नाही. त्या माणसाकडे पाहून मला म्हणाली, "हा नाही, तर माझा कुठं आहे साहेब?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला वर्दी नकोशी झाली.

आता फसवणुकीचा गुन्हा नोंदवून त्याला अटक करायची, एवढंच राहिलं होतं. त्याआधी भाटाचा जबाब घेणं भाग होतं. घरातल्या गोष्टी भाटानंच पढवून ह्याला पाठवलं असेल, अशी शंका होती. भाट आला तो मोठ्या थाटात. वही लाल कापडात गुंडाळलेली. वहीसाठी आधी पाट मागितला, स्वतःसाठी चहा नंतर. मी म्हणालो, ह्या घराची शेवटची पानं तेवढी दाखवा.

"अशी बीचमें नाही उघडत साहेब," तो दुखावून म्हणाला. "मूळ पुरुषापासून वाचावी लागते. आमची रीत आहे."

मी वैतागलो, पण म्हटलं वाचा. त्यानं सूर लावला. अमक्याचा अमका, त्याचे तीन बेटे, हा ह्या गावी गेला, तो त्या गावी. शिपाई दारात गोळा झाले. तक्रारदार आपल्या बापाचं नाव येईपर्यंत मान डोलावत होता. ते येऊन गेल्यावर त्यानं जांभई दिली. सगळेच असं करतात. प्रत्येक जण आपल्या बापाचं नाव येईपर्यंत वंशावळ ऐकतो.

भाट पुढे गेला. तक्रारदाराच्या पणजोबांच्या भावाला मूलबाळ नव्हतं. "त्यांनी साळ्याचा बेटा गोद घेतला," आणि त्यानं दुसऱ्याच एका गावाचं आणि दुसऱ्याच आडनावाचं नाव घेतलं.

"थांबा," मी म्हणालो. "पुन्हा वाचा."

दत्तक घेतलेला तो मुलगा म्हणजे ह्या बाईचा सासरा. एकुलत्या एका मुलाचा बाप. पुढे त्यानं नवं आडनाव लावलं, शेत कसलं, आणि दोन पिढ्यांत सगळे विसरून गेले की त्याचं रक्त दत्तक आईच्या माहेरून आलेलं होतं. तक्रारदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "आमच्या बापानं कधी सांगितलं नाही हो," एवढंच तो पुटपुटला. सांगितलंही असेल, ह्यानं जांभई दिली असेल.

ते दुसरं गाव आमच्याच जिल्ह्यात होतं. तिथल्या घराण्यातले दोन पुरुष शेतातून थेट आले, आपलं काय काम हे नीट न कळताच रक्त देऊन गेले. ह्या वेळी खूण जुळली. एकच पुरुषवंश, असं प्रयोगशाळेनं लिहिलं. त्या वंशातलं दुसरं मूल कधी हरवलं नव्हतं. तक्रारदारानं तक्रार मागे घेतली.

निरोप दुसऱ्या कोणाकडून द्यायचा नाही, असं मी ठरवलं. संध्याकाळी स्वतः गेलो. तो माणूस ओट्यावर तारा सोलत बसला होता, बाई चुलीपाशी. मी सांगितलं, "मावशी, तो तुमचाच आहे."

"पक्का?"

"पक्का."

मला वाटलं, ती उठून त्याला मिठी मारेल. तिनं गळ्यातला काळा दोरा ओढून पदरातून बाहेर काढला. त्याला एक चांदीचा छोटा टाक होता, झिजून गुळगुळीत झालेला. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते, ही आमच्याकडची जुनी रीत. तो टाक तळहातावर घेऊन ती आपल्या मेलेल्या सवतीशी बोलायला लागली.

"आला गं बाई तुझा पोरगा. पाहून घे. मी काही नाही केलं त्याले. ट्रकच्या सावलीत बसवला व्हता फक्त." मग तिला रडू कोसळलं आणि तो माणूस तारा टाकून तिच्याकडे धावला.

मी टोपी काखेत घेऊन दारातच उभा राहिलो. आरोपी शोधला की तपास संपला, अशीच मी नोकरीभर समजूत करून घेतली होती. त्या बाईवर कधी गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून कोणत्याही कोर्टानं तिला निर्दोषही सोडलं नाही. पस्तीस वर्षं ती त्या एका शब्दाची वाट पाहत होती, आणि तो तिला माझ्याकडून नव्हे, त्या टाकाकडून हवा होता.