धक्का

लोधीपुऱ्यात आमच्या समोर राहणारे काका एकटेच होते. गिरणीतून निवृत्त झालेले, तरी रोज सकाळी बाह्या सरसावून ओट्यावर तयार. राज्यांची नव्यानं आखणी चालली होती, ते दिवस. बुऱ्हाणपूर कुठल्या राज्यात राहणार यावर गल्लीत भांडणं व्हायची. काकांचं मत विचारलं की ते हसायचे, "आपल्याले कोन पुसते, भाऊ?"

माझी शाहपूरच्या केळीबागेत जायची उघडी जीप होती. तिची बॅटरी उभ्या उभ्या उतरायची. दुपारी धडधाकट लावलेली जीप सकाळी मेलेली असायची. मी आवाज दिला की काका पळत येत, धक्का मारत आणि इंजिन पेटलं की हात झटकून म्हणत, "चला, चालली!"

शेवटी मिस्त्री आणला. त्यानं बॅटरीची तार सोडवून मध्ये बल्ब जोडला. कुठं करंट गळत असेल तर तो पेटतो. बल्ब काकांनीच धरला होता. तो पेटला नाही. "गाडी में कुछ खराबी नहीं," मिस्त्री म्हणाला. काकांनी गंभीरपणे मान हलवली.

एकदा भर दुपारी मी सहज बाहेर आलो, तर काका जीपचे दिवे लावत होते. त्या उन्हात ते कुणाला दिसणार! संध्याकाळी विझवतही असणार.

"काका, तुम्ही?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "बॅटरी भरून राह्यली तर मले आवाज कोन देते, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. समोर काका बाह्या सरसावून उभे होते. माझा पाय क्लचवरून उचलेना.