फोनने वाचलेली बस

मुलुंडच्या बसस्टॉपवर मला एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात पांढरी काठी. दुसऱ्या हातात मोबाइल, रस्त्याकडे तोंड करून धरलेला. त्यात नवीन ॲप होतं. कॅमेऱ्याला दिसलेली अक्षरं फोन मोठ्याने वाचून दाखवायचा. आज पहिल्यांदाच एकटा निघालोय, असं त्यांनीच मला सांगितलं.

बस आली. फोन बोलू लागला, "शुक्रवारपासून जवळच्या चित्रपटगृहात..." बसवरची जाहिरात वाचून होईपर्यंत बस निघूनही गेली. गृहस्थ खो खो हसले.

"बस गेली, पण पिक्चर कळला!"

"कुठे जायचंय तुम्हाला? मी सांगते ना," मी म्हटलं.

"भांडुपला. पण सांगू नका, मॅडम. त्यालाच वाचू दे. उद्या तुम्ही इथे नसाल, हा खिशात असेल."

पुढची बस मला लांबूनच दिसली. भांडुपचीच होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले. या वेळी त्यांनी फोन कपाळाइतका उंच धरला. बस थांबली, माणसं चढू लागली, तरी फोन गप्पच. एखाद्याला मदत न करणं इतकं अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी हात जरासा डावीकडे नेला.

"भांडुप स्टेशन," फोन म्हणाला.

ते काठीने पायरी चाचपत चढले. दारातून माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "गप्प राहिलात, थँक्यू हां!"